तळटीप : मन्सीच्या जागी ट्रेमेक

७. ‘मन्सी उतरवून ट्रेमेक चढविली’ : १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओ या अमेरिकन ‘मसल कार’मध्ये मागणीनुसार मिळणारा, जनरल मोटर्सच्या इंडियाना राज्यातील मन्सी येथील कारखान्यात तयार झालेला चार गतींचा गिअरबॉक्स चौथ्या गिअरातही १ : १ याच प्रमाणात चाले, त्यामुळे हमरस्त्यावरील दीर्घ प्रवासात इंजिनास अविश्रांत श्रम पडत. ट्रेमेक कंपनीच्या पाच गतींच्या टीकेएक्स गिअरबॉक्सचा पाचवा गिअर ०.६८ प्रमाणाचा घेतल्यास, जेथे पूर्वी मिनिटास ३००० फेरे लागत, तेथे त्याच वेगास सुमारे २०४० पुरतात. याकरिता क्लच, गिअरबॉक्स पेलणारा आडवा आधार व प्रोपेलर शाफ्टची लांबी यांची फेरतजवीज करावी लागते. उतरविलेली मन्सी मात्र मोडीत न काढता जतन करणे, हेच मालकाचे कर्तव्य होय. — संपादक