मालवणमधील हंगामी उत्सव व लोककला

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण शहर व तालुक्यातील गावे यांत श्रावणापासून वैशाखापर्यंत क्रमाने होणारे उत्सव व जत्रा, आणि त्यांच्या आश्रयाने टिकून राहिलेल्या दशावतार, भजन, फुगडी, फाग इत्यादी लोककला यांची माहिती या लेखात दिली आहे. या उत्सवांचे वेळापत्रक केवळ पंचांगावर ठरत नाही. खवळलेला समुद्र केव्हा शांत होतो, भाताची कापणी केव्हा आटोपते आणि ग्रामदेवता कोणता कौल देते, या तीन गोष्टींना त्यात तिथीइतकेच महत्त्व आहे. उत्सव पार पाडणारे लोक मुख्यतः मच्छीमार व शेतकरी असल्यामुळे हातातले काम थांबल्याशिवाय येथे कला सुरू होत नाही.

नारळी पौर्णिमा

पावसाळ्यात बंद असलेली मासेमारी पुन्हा सुरू करण्यापूर्वी श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केला जातो. मालवण बंदरासमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. त्या किल्ल्याच्या वतीने मानाचे श्रीफळ सागराला अर्पण झाल्यावर शहरातील व्यापारी, मच्छीमार आणि नागरिक आपापले नारळ सोडतात. या दिवशी बंदरावर नारळ लढविण्याच्या स्पर्धा होतात. एकाने हातात घट्ट धरलेल्या नारळावर दुसरा आपल्या नारळाने प्रहार करतो व ज्याचा नारळ फुटेल तो हरतो. खेळ दिसतो सोपा. पण जाड कवटीचा नारळ पारखून आणणे आणि तो योग्य बाजूने धरणे यातच खरे कौशल्य आहे.

मासेमारीबंदीचा सरकारी कालावधी आता १ जून ते ३१ जुलै असा निश्चित आहे. पौर्णिमा मात्र चांद्रमासाप्रमाणे मागेपुढे होते. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्ट रोजी आली, म्हणजे बंदी उठल्यानंतर तब्बल महिन्याने. अशा वर्षी यांत्रिक नौका आधीच समुद्रात गेलेल्या असतात आणि नारळ अर्पण करण्याचा विधी हंगामाच्या प्रारंभाचा न राहता त्याच्या मध्येच येतो. तरीही नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटू नये, असे मानणारे पारंपरिक मच्छीमार आजही आहेत.

गणेशचतुर्थी ते दिवाळी

चतुर्थीला मुंबईतील चाकरमानी गावी परततात. गणपतीच्या वर बांधलेल्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, रानातील व परसातील त्या ऋतूची फळे, फुले, सुपारीचे घोस, नारळ टांगतात. मुलांना वनस्पतींची ओळख करून देणारा याहून चांगला धडा पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण आहे. घरोघरी भजने होतात, स्त्रिया फुगड्या घालतात. दोन भजनी बुवा समोरासमोर बसून एकमेकांना सवाल-जवाब करतात, त्या डबलबारीला मोठी गर्दी लोटते.

बलिप्रतिपदेस मालवणचे ग्रामदैवत श्री देव रामेश्वर व श्री देव नारायण यांची पालखी देऊळवाड्यातून निघून किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतून बाजारपेठेत येते. दिवाळी पाडव्याची ही पालखी म्हणजे शहराचा स्वतःचा उत्सव होय. त्या संध्याकाळी बाजारातील दुकाने व रस्ते रोषणाईने उजळलेले असतात.

दहीकाले व दशावतार

भात घरात आल्यावर, कार्तिकापासून, गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात. त्यांना मालवणीत धयकालो म्हणतात. दिवसभर देवतेच्या ओट्या भरल्या जातात, रात्री पालखी देवळाभोवती फिरते आणि त्यानंतर दशावतारी नाटक उभे राहते. ते पहाटेपर्यंत चालते व दहीहंडी फोडून संपते. यावरूनच जत्रेला दहीकाला हे नाव पडले. कोणत्या देवळात कोणत्या मंडळाने नाटक करायचे हा मान बहुधा परंपरेने ठरलेला असतो. मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, खानोलकर, चेंदवणकर ही जिल्ह्यातील नामांकित मंडळे होत.

दशावतार श्यामजी नाईक काळे यांनी अठराव्या शतकात कोकणात आणला अशी परंपरागत समजूत आहे; त्याच्या मुळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कर्नाटकातील यक्षगानाशी असलेले त्याचे साम्य मात्र सहज लक्षात येते.

प्रयोगाचे दोन भाग असतात. पूर्वरंगाला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी व वेद पळविणारा संकासुर ही पात्रे येतात. काळ्या वेषातील संकासुर मालवणीत बोलतो, गावातील ताज्या घडामोडींवर टोले मारतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. उत्तररंगात पुराणातील एखादे आख्यान रंगविले जाते. त्यातील राजे व ऋषी ग्रंथांना शोभेल अशा संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. शाळेची पायरी फारशी न चढलेला शेतकरी रात्री हरिश्चंद्र होऊन अस्खलित, अलंकारिक वाक्ये बोलतो, हे या कलेचे खरे आश्चर्य आहे.

कारण या नाटकाला लिखित संहिता नसते. प्रयोगापूर्वी मंडळाचा प्रमुख आख्यान सांगून पात्रे वाटून देतो. संवाद नट रंगमंचावरच रचतात. राजपार्टी, स्त्रीपार्टी असे नटांचे प्रकार ठरलेले असून स्त्रीभूमिका पुरुषच करतात. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढीच वाद्ये. एकच बाकडे कधी सिंहासन होते, कधी पर्वत, कधी शय्या. वेषभूषेचा पेटारा नटांना पूजनीय असतो व त्यातील गणपतीच्या मुखवट्याची पूजा झाल्याखेरीज तोंडाला रंग लावला जात नाही. पूर्वी हा पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेकडे पायी जात असत.

ही विद्या शिकण्याचा मार्ग एकच : रात्रीमागून रात्र मंडळासोबत राहणे. नवा मुलगा प्रथम किरकोळ पात्र करतो, ज्येष्ठांचे संवाद कानांत साठवतो, मग केव्हातरी समोरच्या नटाच्या प्रश्नाला स्वतःचे उत्तर देतो. त्यामुळे हंगाम बुडाला की केवळ उत्पन्न बुडत नाही, शिक्षणही खंडित होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा हंगाम भर मध्यावर होता. प्रत्येक प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर, म्हणजे ‘नाईट’वर, अवलंबून असलेल्या नटांचे उरलेले सर्व प्रयोग गेले.

मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून देणारे गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ (१९८०) हे नाटक गावकऱ्यांनी बसविलेल्या द्रौपदी वस्त्रहरणाच्या प्रयोगाभोवती रचलेले आहे. मच्छिंद्र कांबळी यांनी ते गाजविले. ‘दशावतार’ (२०२५) या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी वयोवृद्ध दशावतारी नटाची भूमिका केली.

कौलाने ठरणारे उत्सव

मसुरे गावातील आंगणेवाडी येथील भराडी देवीची जत्रा साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये भरते. पण तिची तिथी ठरलेली नाही. भाताची कामे झाल्यावर देवीचा कौल घेऊन दिवस निश्चित होतो आणि तो जाहीर होताच मुंबईत रेल्वे-आरक्षणाची धांदल उडते. देवी आंगणे कुटुंबीयांची असली तरी दर्शनाला सर्वदूरचे लोक येतात. आंगणे घराण्यातील स्त्रिया प्रसादाचा स्वयंपाक मौन पाळून करतात. २०२१ मध्ये साथीमुळे ६ मार्चची जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरतीच मर्यादित ठेवावी लागली.

याहून वेगळी प्रथा आचरे येथील गावपळणीची. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराच्या कौलानुसार सारे गावकरी, गुरेढोरे व कोंबड्यांसह, वेशीबाहेर जाऊन तीन दिवस व तीन रात्री झोपड्यांत राहतात. गावातील मुस्लीम व ख्रिस्ती कुटुंबेही यात सामील होतात. या काळात भजने, गाणी, खेळ चालतात, स्वयंपाक शेजारीशेजारी होतो आणि मोकळ्या आभाळाखाली भांडणतंटे काहीसे विसरले जातात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतला जातो. देवाने हुकूम दिला नाही, तर मुक्काम वाढतो. चिंदर व वायंगणी या शेजारच्या गावांतही ही प्रथा आहे.

शिमगा

फाल्गुनात किनाऱ्यावरील गाबीत समाजाचा शिमगा विशेष रंगतो. होळीभोवती फाग गायले जातात. सोंगे घेतलेली मंडळी घरोघर जाऊन ‘शबय’ मागतात.

बदलते स्वरूप

अलीकडे ‘ट्रिकसीन’चा वापर असलेले आणि निरनिराळ्या मंडळांतील नामवंत नटांना एकत्र आणणारे ‘संयुक्त दशावतार’ लोकप्रिय झाले आहेत. ते बहुधा देवळाबाहेरच्या मंचावर होतात. प्रेक्षक वाढले हे खरे. पण वेळ आखलेली असल्याने अशा प्रयोगांत आडदशावतार आटोपता घेतला जातो किंवा गाळला जातो. नवशिक्या मुलांना पहिली संधी मिळते ती याच भागात. सूर्योदयापूर्वी दहीकाला फोडणारी देवळातील जत्रा मात्र आजही पूर्वीच्याच क्रमाने होते, आणि वैशाख सरताना मंडळे पेटारे बंद करतात. नट पेरणीच्या तयारीला लागतात.