जुनी कृत्रिम आमिषे : त्यांचा इतिहास, ओळख व उपयोग

मत्स्याहाराविषयी आपल्या ज्ञातीतील वाचकांस काही सांगावे, इतके धाडस आम्ही करणार नाही. तथापि मासा ताटात येण्यापूर्वी ज्या साधनांनी पाण्याबाहेर येतो, त्यांपैकी एका साधनाचा इतिहास आपल्याकडे फारसा परिचित नाही. आणि तो जाणून घेण्यास आता एक व्यावहारिक कारणही उत्पन्न झाले आहे. ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथे एखादा वृद्ध गृहस्थ निवर्तला म्हणजे त्याच्या घरातील सामान अंगणात मांडून विकण्याची चाल आहे. अशा सामानात पत्र्याची एक गंजलेली पेटी बहुधा असते. तीत काचेच्या डोळ्यांचे, रंग उडालेले, पोटाखाली तीन तीन टोकांचे आकडे लोंबणारे लाकडी मासे एकमेकांत गुंतून पडलेले असतात. घेणारा त्यांना खेळणी समजतो आणि विकणारा अडगळ. वस्तुतः त्याच पेटीत कवडीमोलाचे एक आमिष आणि एका नोकरदाराच्या महिन्याच्या वेतनाइतक्या किमतीचे दुसरे, अशी दोन्ही शेजारी शेजारी असू शकतात.

गांडूळ, कोळंबी किंवा कणकेची गोळी गळाला लावणे हा जगभरचा जुना प्रकार होय. कृत्रिम आमिषाची कल्पना वेगळी आहे. त्यात खाण्याजोगे काहीच नसते. केवळ चकाकी, हालचाल आणि आवाज यांच्या योगे माशास फसवावयाचे असते. अमेरिकेत या धंद्याचा आरंभ धातूच्या चमच्यापासून झाला. ज्यूलिओ ब्यूएल नावाच्या गृहस्थाने १८५२ साली अशा चमच्याचे पेटंट घेतले. व्हर्माँटमधील बोमोसीन सरोवरात नावेवर जेवताना त्याच्या हातातला चमचा पाण्यात पडला व बुडता बुडता माशाने तो गिळला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, चमच्याचे दांडके कापून त्याला आकडा जोडण्याची युक्ती खरी आहे आणि ती अद्याप चालते. त्यानंतर १८५९ साली ओहायो राज्यातील पेन्सव्हिल येथील रायली हॅस्केल या बंदुका बनविणाऱ्या कारागिराने धातूचा पोकळ मासा घडविला व त्याचे पेटंट मिळविले. त्याच्या घडणीचा एक मोठा मासा २००३ साली लिलावात एक लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेला. ही बातमी वाचून कित्येकांनी आपापल्या पेट्या उघडल्या असतील. परंतु असे मासे पेटीत नित्य सापडत नाहीत, हेही येथेच सांगून ठेवणे बरे.

लाकडी आमिषांचा खरा इतिहास मिशिगन राज्यातील डोवॅजिॲक या लहानशा गावी घडला. जेम्स हेडन हा तेथील रहिवासी. त्याचा मूळ व्यवसाय मधमाश्या पाळण्याचा, आणि त्या विषयावर त्याने ग्रंथही लिहिला होता. गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत बसला असता हातातली लाकडाची ढलपी त्याने कंटाळून पाण्यात फेकली आणि एका बास माशाने तीवर झडप घातली, अशी कथा सांगतात. प्रत्येक धंद्याच्या मुळाशी असा एक योगायोग ठेवण्याची अमेरिकन लोकांना हौसच दिसते! निश्चित एवढेच की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने लाकडाचे बेडूक कोरून मित्रांस दिले व १९०२च्या सुमारास तो आमिषे विकू लागला. १९११ साली तो वारला; धंदा मुलांनी वाढविला. त्यानंतर इंडियाना राज्यातील गॅरेट येथे १९१६च्या सुमारास ‘क्रीक चब’ ही मंडळी पुढे आली. आमिषाच्या तोंडाला धातूचा ओठ बसवून पाण्यात ते वळवळत जाईल अशी योजना त्यांनी रूढ केली. लाकडी देहावर जाळीदार कापड ताणून वरून रंग फवारला म्हणजे हुबेहूब खवले उमटतात, ही त्यांची दुसरी करामत.

याच क्रीक चबच्या एका आमिषावर २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील माँटगोमेरी तळ्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलो वजनाचा बास मासा पकडला. त्या प्रकारच्या माशांतील हा जागतिक विक्रम. २००९ साली जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. तो निर्विवादपणे मोडणे अद्याप कोणास साधलेले नाही. पेरी व त्याचा सोबती यांच्याजवळ मिळून एकच काठी होती, असे सांगतात. आणि त्या विक्रमी माशाचे पुढे काय झाले? पेरीच्या घरच्यांनी तो शिजवून खाल्ला. मंदीचे दिवस होते. मासा पेंढा भरून भिंतीवर टांगण्याची चैन त्या घरास परवडणारी नव्हती. आम्हांस तर त्यांचे करणे अगदी योग्य वाटते.

फिनलंडमधील लाउरी रापाला या गरीब कोळ्याने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा मासा चांभारी चाकूने कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनातील चकचकीत वर्ख चिकटविला आणि लाखेऐवजी छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. १९६२ साली अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या ज्या अंकावर मेरिलिन मन्रो हिचे चित्र होते, त्याच अंकात या आमिषावर लेख आला. तिच्या निधनानंतरचा तो अंक असंख्य लोकांनी विकत घेतला, आणि रापालाकडे मागणीचा पूर लोटला.

आता ओळखीविषयी. प्रथम नाव पाहावे. हेडन व क्रीक चब यांची नावे पुष्कळदा धातूच्या ओठावर किंवा भिंगरीवर ठोकलेली आढळतात. त्यानंतर डोळे. काचेचे डोळे सामान्यतः दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा काळ दर्शवितात. नुसते रंगविलेले डोळे बहुधा त्यानंतरचे. परंतु खरी साक्ष पोटाखाली असते. हेडनच्या आमिषांत आकडा कसा अडकविला आहे, यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. प्रारंभीच्या आमिषांत लाकडात धातूची लहान वाटी बसवून तीत आटे असलेली कडी पिळलेली असते. पुढे इंग्रजी एल् अक्षराच्या आकाराचा तुकडा आला. १९३०नंतर दोन तुकड्यांची बैठक. आणि महायुद्धाच्या सुमारास वरून स्क्रूने बसविलेली साधी पट्टी. अर्थात कारखान्यात जुने सुटे भाग शिल्लक राहत व ते नव्या मालास लावले जात. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. कागदी खोका सोबत असल्यास तो फेकू नये. कित्येकदा खोक्याचीच किंमत आतल्या माशाइतकी होते.

सर्वांत मोठे नुकसान हौशी हातांनी होते. जुना रंग खरवडून नवा दिला की आमिष दिसते छान, पण संग्राहकाच्या दृष्टीने ते संपले. कोमट पाणी आणि मऊ फडके यांपलीकडे जाऊ नये. रंग विरघळविणारे कोणतेही द्रव तर दूरच ठेवावे. जुन्या रंगांत शिशाचा अंश असण्याचा संभव असतो, म्हणून ही लाकडी खेळणी नातवंडांच्या तोंडी लागू देऊ नयेत. प्रारंभीच्या प्लॅस्टिकची काही आमिषे काळाने चुरगळतात, त्यांना आंबूस वास येतो, आणि त्यांच्या वाफेने शेजारच्या वस्तूही बिघडतात. ती वेगळी काढावीत. रबरी प्लॅस्टिकचे मऊ किडे रंगीत आमिषाला चिकटून राहिले तर त्याचा रंग वितळवून टाकतात. पेटीत हे दोन्ही एकत्र ठेवणे म्हणजे मीठ आणि बर्फ एकाच भांड्यात ठेवण्यासारखे.

भारतातील घरांतून निघण्याचा संभव अमेरिकन लाकडी माशांपेक्षा ब्रिटिश पितळी चमच्यांचा अधिक. मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली भारतातील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला. महसीर हा त्यातील प्रमुख मासा. इंग्लंडमधील रेडिच हे सुयांचे गाव. तेथेच आकडे व चमचे बनत आणि बोटीने येत. वनखाते, पाटबंधारे वा रेल्वे यांत ज्यांच्या आजोबांची नोकरी झाली, त्यांनी माळ्यावरची पेटी भंगारवाल्यास किलोवर देण्यापूर्वी एकवार उलगडून पाहावी. त्या चमच्याचे मूल्य अमेरिकेइतके नसेलही. परंतु आजोबांची रविवारची दुपार कोठे जात असे, हे कळण्याचा घरात दुसरा पुरावा बहुधा नसतो.

वापरावे की जपावे? आमचे मत असे की, दुर्मिळ, मूळ रंगाचे, खोक्यासह असलेले आमिष पाण्यात घालू नये. एक खडक त्याचा शेवट करतो. उरलेली सर्व खुशाल वापरावीत, कारण ती त्याचसाठी घडली होती. मात्र गंजलेले आकडे व कड्या प्रथम बदलाव्यात आणि मूळचे डबीत राखून ठेवावेत. लाकडातील आटे सैल झाले असल्यास भोकात सरसासह लाकडाची बारीक काडी घालून कडी पुन्हा पिळावी, अन्यथा मोठा मासा कडीसकट निघून जाईल. रंगाला तडे असतील तर पाणी लाकडात मुरते व आमिष फुगते. दर वेळी ते सावलीत वाळवूनच ठेवावे. ज्या तलावावर जावयाचे तेथील परवानगी आधी घ्यावी. पहिली चाचणी काठालगतच्या उथळ व स्वच्छ पाण्यात करावी. ओढताना आमिष डावीकडे कलत असेल तर नाकावरची दोरीची कडी चिमट्याने किंचित उजवीकडे वाकवावी, उजवीकडे कलत असेल तर डावीकडे. केसभर वाकविणे पुरते, आणि दर वेळी वाकविल्यावर पुन्हा ओढून पाहावे.