अफूचे काटे, बाळगोळी आणि झोपेची गोळी

इंदूरच्या वैभवाचा उगम कापडगिरण्यांत आहे, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या कारकिर्दीत येथे पहिली गिरणी निघाली, त्याच्या कितीतरी आधीपासून या शहरातील सावकार एका निराळ्याच पिकावर पोसले जात होते. ते पीक म्हणजे माळव्याची अफू. खसखशीच्या कच्च्या बोंडाला चीर द्यावयाची, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यावयाचा आणि तो व्यापाऱ्याच्या स्वाधीन करावयाचा, एवढेच शेतकऱ्याचे काम. पुढे हा माल इंदूरसारख्या ठिकाणी सरकारी काट्यावर येई. १४० पौंडांची, म्हणजे सुमारे ६३ किलोंची एक पेटी. तिच्यावरील कर भरून परवाना घेतला की पेटी मुंबईच्या वाटेस लागे आणि तेथून चीनला जाई. १८३५ साली हा कर पेटीमागे १२५ रुपये होता. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला व कराचीवरून दमणला जाणारी चोरवाट बंद झाली, तेव्हा तो भराभर चढत १८४७ साली ४०० रुपयांवर गेला. इतक्या उत्पन्नाच्या वस्तूला विष म्हणणे सरकारला परवडणारे नव्हते.

तथापि इंग्लंडमध्ये तसे म्हणणारे लोक होते, आणि त्यांच्या रेट्यामुळे १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूविषयक शाही आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षाच्या आरंभी इंदूर येथेही त्याने साक्षी घेतल्या. अफू खाणारा मनुष्य बिघडतो काय, हा मूळ प्रश्न. अनेक साक्षीदारांचे म्हणणे असे की, कित्येक वृद्ध मनुष्य वर्षानुवर्षे ठराविक मात्रा घेतो, ती वाढवीत नाही आणि कामही चुकवीत नाही. विरोधकांचा, विशेषतः मिशनऱ्यांचा, सवाल असा की, ज्याला एक दिवस अफूवाचून काढता येत नाही तो गुलाम नव्हे तर कोण? १८९५ च्या अहवालात बहुमत पहिल्या बाजूस पडले; हेन्री विल्सन या सभासदाने मात्र आपले भिन्न मत नोंदविले. बहुमताच्या म्हणण्यात तथ्याचा अंश होता. परंतु ते तथ्य तिजोरीच्या सोयीचे असल्यामुळे त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही, आणि बसावा तरी कसा?

या वादाचा उलगडा एका लहानग्या साक्षीदाराला विचारता आला असता, पण त्याला बोलता येत नव्हते. हा साक्षीदार म्हणजे पाळण्यातले मूल. शेतावर किंवा गिरणीत जाणाऱ्या आया मुलाने दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. दोष द्यावयाचा तर तो आईला देण्यापूर्वी तिच्या कामाच्या तासांना द्यावा लागेल. कित्येक मुले त्या झोपेतून उठलीच नाहीत. जी जगत, त्यांची गोळी एकाएकी बंद केली की ती किंचाळून रडत, त्यांचे नाक वाहू लागे, पोट बिघडे, झोप उडे. आता त्या मुलाला व्यसनी म्हणावयाचे काय? त्याने अफू मागितली नव्हती. त्याला तिची तलफ ठाऊक नव्हती, तिच्यापायी त्याने कोणाला फसविले नव्हते. त्याचे शरीर मात्र अफूवर विसंबले होते. अवलंबन आणि व्यसन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट करून कोणता ग्रंथ सांगणार?

ग्रंथांनी उलट घोटाळाच वाढविला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ साली व्यसन आणि सवय अशी विभागणी केली. ती टिकेना म्हणून १९६४ मध्ये दोहोंच्या जागी ‘अवलंबन’ हा एकच शब्द सुचविला. १९८७ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही आपल्या सूचीत ज्याला लोक व्यसन म्हणतात त्याला अवलंबन असेच म्हटले. शब्द सौम्य झाला खरा. परंतु कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणारा रुग्ण आणि चोरून मॉर्फिन टोचणारा मनुष्य एकाच नावाखाली आले. तो शब्द त्या अर्थाने मागे घेण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

याच १९५७ साली स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलांड कून यांनी इमिप्रामिन हे औषध विषण्णतेच्या रोगावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. अफूचा कैफ तासाभरात चढतो. हे औषध गुण दाखवावयास दोन-तीन आठवडे घेते आणि निरोगी माणसाला त्यात कोणतेही सुख लाभत नाही. त्याच्या वंशातील आजच्या औषधांचीही तलफ लागत नाही. मात्र ती अनेक महिने घेऊन एकाएकी सोडली तर घेरी येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते, झोप मोडते, विलक्षण स्पष्ट स्वप्ने पडतात. ‘व्यसन’ या शब्दाच्या धाकाने कित्येक वैद्यकांनी हा त्रास किरकोळ ठरविला. तो काहींच्या बाबतीत तीव्र व दीर्घकाळचा असतो, हे ब्रिटनमधील मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ साली मान्य केले.

झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. १९६० साली निघालेल्या क्लोरडायझेपॉक्साइड व १९६३ च्या डायझेपाम यांच्या कुळातील गोळ्यांना शरीर काही आठवड्यांतच सरावते, आणि काहींच्या ठिकाणी त्या सरावाचे व्यसनही होते. म्हणूनच १९८८ साली ब्रिटनमध्ये त्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत, असा इशारा देण्यात आला. दीर्घकाळ घेतलेली ही गोळी एकदम सोडल्यास आकडी येण्याचाही धोका असतो.

आपल्या घरांतून मात्र दोन्ही औषधांचे नाव एकच, ‘झोपेची गोळी’. विषण्णतेने पहाटे तीनलाच जागी होणारी सून औषधाने सहापर्यंत झोपू लागते, आणि घरातील वडील मंडळी म्हणतात, ‘हिला गोळीची सवय लागली’. ती बिचारी लाजून गोळी टाकते. चार दिवसांत घेरी येते, झोप जाते, आणि सवयीचा आरोप जणू सिद्ध होतो. अशा वेळी डॉक्टरांना सांगून मात्रा हळूहळू उतरवावी लागते, आणि तीही शेवटी शेवटी अधिकच सावकाश. कारण थोड्याशा औषधानेही मेंदूवर बराचसा परिणाम झालेला असतो. त्यामुळे अर्ध्या गोळीवरून एकदम शून्यावर येणे हे एका गोळीवरून अर्ध्यावर येण्याहून अधिक जड जाते.