बेगमी आणि सावड : आंबवड्याच्या खोऱ्यातला सणाचा स्वयंपाक

सणाचा स्वयंपाक आणि भाताची कापणी ही दोन्ही कामे भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यात एकाच सुमारास अंगावर येतात. या भागाचे मुख्य पीक भात. ते आश्विन-कार्तिकात पिकते आणि दिवाळीही त्याच दिवसांत येते. कापलेले भात शेतात पडून राहिले आणि वर पाऊस आला, तर दाण्याला कोंब फुटतात आणि वर्षाचे अन्न हातचे जाते. फराळ मात्र ठरल्या तिथीलाच लागतो. या कोंडीतून घराघराने वाट काढली ती दोन गोष्टींच्या जोरावर. काम आधी उरकून ठेवणे ही बेगमी आणि एकमेकींच्या घरी जाऊन ते उरकणे ही सावड.

आंबवडे हे गाव भोरहून रायरेश्वराच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. नागेश्वराचे जुने मंदिर, संस्थानकाळातला झुलता पूल, कान्होजी जेधे यांची समाधी आणि भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांची समाधी यांमुळे ते इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. शंकराजी १७०७ साली वारले. पुढे त्यांच्या वंशजांचे भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले. या खोऱ्याचा लिखित इतिहास मोठा आहे. जेधे शकावलीत लढाया आणि मृत्यू तिथीवार मिळतात, वतनाच्या कागदांत धान्याचे हिशेब मिळतात. त्या धान्याचा सण ज्यांच्या हातून झाला त्या बायकांचे वेळापत्रक तोंडोतोंडी चालत आले. तेही तितकेच काटेकोर होते.

बेगमीचे वर्ष चैत्रात सुरू होई. उन्हे तापली की कुरडया, सांडगे, तांदळाच्या आणि नाचणीच्या पापड्या, शेवया, वर्षाचे तिखट आणि मसाला ही कामे ओळीने निघत. चिंच फोडून, मीठ लावून ठेवली जाई. डाळी उन्हे देऊन भरल्या जात. गवऱ्या आणि सरपण पडवीत रचले जाई, कारण ज्येष्ठात पाऊस लागला की ओल्या लाकडावर चूल धुमसत राही. भात कणगीत आणि डाळी-कडधान्ये उतरंडीच्या मडक्यांत भरलेली असत. मीठ, नारळ आणि सुकी मासळी घाटाखालच्या कोकणातून वर येई आणि महाडला उतरणारा वरंधा घाट त्या येण्याजाण्याची एक वाट होता. पावसाळ्यापूर्वी घरात काय भरले आहे, यावर पुढच्या चार महिन्यांतले सगळे सण ठरत.

भाद्रपदातल्या गौरी-गणपतीला याची खरी कसोटी लागे. भात शेतात उभे असे, कणगी तळाला गेलेली असे. परसात आणि बांधावर मात्र दोडका, पडवळ, काकडी, भोपळा, अळू यांची रेलचेल. गौर येते त्या दिवशी भाजी-भाकरीचा आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीसह अनेक भाज्यांचा नैवेद्य दाखवण्याची रीत महाराष्ट्रात बऱ्याच घरांत आहे. मावळात ती ऋतूला नेमकी धरून बसते. धान्य कमी आणि भाजी अमाप अशा दिवसांत भाज्यांनीच ताट भरते. पौषी पौर्णिमेला शेजारच्या मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा येते, तोवर मळणी झालेली असते आणि घरात धान्य असते. तेव्हा प्रश्न पाहुण्यांच्या संख्येचा असे, साठ्याचा नसे.

दिवाळीचे गणित यापेक्षा अवघड होते. पंचांगाप्रमाणे दिवाळी दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. भाताला मात्र पंचांग ठाऊक नसते. हळवे वाण लवकर निघते, गरवे उशिरा. म्हणून लवकर आलेली दिवाळी आणि उशिरा आलेली दिवाळी या घरच्या बाईसाठी दोन वेगळ्या दिवाळ्या होत्या. लवकरच्या दिवाळीत हाताला वेळ असे, पण घरात तांदूळ शेवटचा आणि गाठीला पैसा नसे. गूळ, तेल, हरभऱ्याची डाळ, गहू दुकानातून उधारीवर आणून पदार्थांची संख्या आखडती घ्यावी लागे. उशिराच्या दिवाळीत घरात नवे भात येऊ लागलेले असे, पण दिवसभर हातात विळा असे आणि फराळ दिवे लागल्यावर करावा लागे.

फराळाचा क्रम यातूनच ठरला. जे टिकते ते आधी आणि जे नासते ते शेवटी. सगळ्यांत आधी अनारशाचे पीठ. त्याला जुना तांदूळच लागतो. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, पाणी रोज बदलायचे, मग उपसून सावलीत पसरायचा आणि किंचित ओलसर असतानाच कुटून चाळायचा. त्यात गूळ मळून गोळे दाबून ठेवले की पीठ पुढे कित्येक दिवस टिकते. नेमक्या याच गुणामुळे कापणीच्या घाईत अनारसा सोयीचा ठरतो. सगळी मेहनत आधी होऊन जाते आणि सणाच्या दिवशी फक्त थापणे आणि तळणे उरते. केळीच्या पानावर खसखस पसरून त्यावर गोळी थापायची आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचे. गूळ जास्त झाला किंवा तूप नीट तापलेले नसले तर अनारसा तुपात पसरून विरघळतो. त्याला ‘अनारसा हसला’ म्हणतात. हसू नये म्हणून आधी एकच तळून पाहायचा आणि हसला तर पिठात थोडे कोरडे तांदळाचे पीठ मिसळायचे.

त्यानंतर चकलीची भाजणी. तांदूळ चार भाग, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची अर्धा, वर धणे-जिरे, हे प्रमाण आजही अनेक घरांत तोंडपाठ असते. भाजणीही आधी दळून ठेवता येते. मग शंकरपाळी, शेव, चिवडा, लाडू. ओल्या नारळाच्या करंज्या सगळ्यांत शेवटी, कारण त्या दोन दिवसही धड टिकत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या त्याहून पुष्कळ टिकतात, म्हणून गावाकडे त्याच जास्त.

करंज्या हे एकटीचे काम नव्हे. सारण भरेपर्यंत पारी सुकते, मुरड घालेपर्यंत कढई तापून जाते. म्हणून तिथे सावड आली. सावड हा मूळचा शेतीतला शब्द. आज माझ्या खाचरात लावणी, उद्या तुझ्या. मजुरी नाही, फक्त हाताची परतफेड. बायकांनी हीच रीत पोळपाटावर आणली. संध्याकाळी शेजारणी आपापले पोळपाट-लाटणे काखेत मारून एका घरी जमत. एक पारी लाटणार, दुसरी भरणार, तिसरी कातणीने कापणार, घरची चुलीपुढे. दुसऱ्या दिवशी दुसरे घर. एकटी करंजी करत नाहीत, सोबतीला एखादा मोदक घालतात आणि मोदकांत एखादी करंजी. या रीतीतला सोबतीचा अर्थ त्या बैठकीत बसलेल्यांना वेगळा सांगावा लागत नसे.

किती करायचे, हा हिशेबही घरापुरता नव्हता. माहेरी आलेल्या लेकी, व्याही, वर्षभर काम करणारे बलुतेदार या सगळ्यांचे वाटे आधीच धरावे लागत. माप धान्याचेच : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. या वाटपात जातीची उतरंडही होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. काही घरांना सणाचे अन्न ओसरीवर मिळे, काहींना अंगणाबाहेर. १९२७ च्या मार्चमध्ये घाटाखाली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिळेपाके, उष्टे अन्न स्वीकारणे सोडा असे आपल्या लोकांना सांगितले. वेशीबाहेरच्या घरांनी सण आपल्या चुलीवर, आपल्या धान्याचा करावा, हा त्याचा रोजच्या जगण्यातला अर्थ होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली आणि वाट्यांचा तो जुना हिशेब सुटत गेला.

सणापूर्वीच्या कामात सर्वांत जास्त वेळ खाई ते दळण-कांडण. भात उखळात मुसळाने कांडायचे, पीठ जात्यावर पहाटे दळायचे. जात्यावर गायलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकापासून मावळ-मुळशीच्या आणि आसपासच्या गावांतून गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. एवढ्या ओव्या रचायला किती पहाटा गेल्या असतील, याचा विचार केला की त्या श्रमाचे माप कळते. पुढे पिठाची आणि भाताची गिरणी आली आणि बेगमीच्या वेळापत्रकातून दिवसच्या दिवस मोकळे झाले. या खोऱ्यातल्या बायकांना मिळालेली ही बहुधा सर्वांत मोठी सवड. ती कुठल्या पदार्थाने किंवा पाककृतीने मिळालेली नाही.

दुसऱ्या महायुद्धात धान्य आणि साखरेवर नियंत्रण आले. फराळाचे नियोजन तेव्हापासून शिधापत्रिकेशी जोडले गेले. तुपाच्या जागी वनस्पती तूप आले, ‘डालडा’ १९३७ पासून बाजारात होताच. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेल्या घरांत त्या वर्षी फराळ नावापुरताच झाला. सणाच्या तोंडावर रास्त भाव दुकानात जिन्नस देण्याची परंपरा पुढेही राहिली. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत एकेक किलो रवा, हरभरा डाळ, साखर आणि एक लिटर पामतेल देण्यात आले. ही यादी लाडू, शेव आणि शंकरपाळीची आहे. तिच्यात तांदूळ नाही, म्हणजे अनारसा नाही.

मुंबईला कामाला गेलेल्या माणसांनीही वेळापत्रक बदलले. एसटीची सुरुवात १ जून १९४८ ला झाली आणि हळूहळू गाडी घाटवाटांपर्यंत पोहोचली. चाकरमान्याच्या सुट्टीप्रमाणे स्वयंपाक ठरू लागला आणि परतताना पत्र्याचे डबे त्याच्याबरोबर जाऊ लागले. डब्यात काय टिकते, हा नवा निकष आला. त्यामुळे चिवडा, शेव आणि सुक्या करंज्या यांचे महत्त्व वाढले. शहरातून उलट दिशेने वाटी-चमच्याची मापे आली. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि त्यातल्या नेमक्या प्रमाणांमुळे सासूच्या हाताखाली न शिकलेल्या सुनेलाही चकली जमू लागली. त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या आरंभी, दशमान वजने सक्तीची झाली होती आणि पायली-मापटे घरातल्या भांड्यांपुरते उरले होते.

शेतही बदलले. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने काढलेले ‘इंद्रायणी’ १९८७ साली प्रसारित झाले आणि मावळपट्ट्यात सर्वत्र पसरले. हा तांदूळ चिकट. भाताला आणि खिरीला उत्तम, पण अनारशासाठी जुना, मोकळा तांदूळ वेगळा राखावा लागतो.

आता शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कारखान्यांत भोर तालुक्यातल्या अनेक बायका पाळीवर जातात. चूल बहुतेक घरांत गॅसला जागा देऊन अंगणात गेली आहे. बचत गट भाजणी, अनारशाचे पीठ आणि तयार फराळ विकतात. पुण्यात दि पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकते आणि तो पुडा गावाकडेही येतो. बेगमी अशी घरातून बाजारात गेली आणि सावडीचे दिवस कमी झाले. करंज्यांना मात्र अजून चार हात लागतात. पाळी सुटल्यावर, जेवणे आटोपल्यावर, रात्री नऊच्या पुढे ज्या घरी दिवा जळत असतो तिथे शेजारची एखादी आपले लाटणे घेऊन येते आणि पारी सुकू नये म्हणून ओल्या फडक्याखाली झाकलेला उंडा मधोमध ठेवलेला असतो.