काठावरचा आणि मधला

न्यायालयातल्या मध्यस्थी केंद्राच्या माहितीपत्रकात, वर्तमानपत्रातल्या कायद्याच्या सदरात हल्ली एक जोडगोळी हमखास भेटते : ‘तटस्थ मध्यस्थ’. संसदेने २०२३ साली मध्यस्थी अधिनियम संमत केल्यापासून तर ती चांगलीच रुळली. नवरा-बायकोचे फाटले, भावाभावांत वाटणीवरून वाजले, वरच्या मजल्यावरची गळती खालच्याच्या भिंतीत उतरली, की बोलवा तटस्थ मध्यस्थ. कानाला हे भारदस्त लागते, पण शब्द सोलून पाहिले की दोघांचे एकमेकांशी पटत नाही. तट म्हणजे काठ; तटस्थ तो काठावर उभा. मध्यस्थ मधोमध, म्हणजे पाण्यात. एकच माणूस दोन्हीकडे कसा असेल?

जुन्या मराठीत तटस्थ होणे म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी खिळणे. हरिदासाचे आख्यान ऐकून श्रोते तटस्थ होत. निःपक्षपाती हा अर्थ आज पुढे आला असला, तरी त्या शब्दातला गारठा गेलेला नाही. ‘मी बाबा तटस्थ’ असे म्हणणारा माणूस भांडण मिटवायला क्वचितच उठतो.

मध्यस्थाचे कूळ वेगळे. गीतेच्या सहाव्या अध्यायात, नवव्या श्लोकात, ज्यांच्याविषयी समबुद्धी ठेवायची त्यांची एक यादी आहे. तिच्यात ‘उदासीन’ आणि ‘मध्यस्थ’ लागोपाठ येतात. एकच अर्थ असता तर दोन शब्द कशाला? शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात तो भेद नेमका सांगितला आहे. उदासीन म्हणजे कोणाचाच पक्ष न घेणारा. मध्यस्थ म्हणजे एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या दोघांचेही भले इच्छिणारा. माझ्या मते मध्यस्थीवरच्या कुठल्याही प्रशिक्षणपुस्तिकेला इतकी चोख व्याख्या साधलेली नाही. मध्यस्थ बिनपक्षाचा नसतो, दोन्ही पक्षांचा असतो. नवऱ्याशी वेगळे, बायकोशी वेगळे बसून बोलणाऱ्याला हेच करावे लागते. काठावरून ते जमत नाही.

नव्या कायद्यातला मध्यस्थ निकाल देत नाही, तोडही लादत नाही. १२० दिवसांत, आणि दोघांची संमती असेल तर आणखी ६० दिवसांत, त्या दोघांनाच काही सुचले तर सुचले. ही भूमिका आपल्याला नवी वाटते, कारण तिसऱ्या माणसासाठी मराठीने जे जुने शब्द घडवले त्यांतले बरेचसे निवाडा देणाऱ्याचे आहेत. पंच पाहा. संख्या गळून गेली, एकटा माणूसही पंच झाला. मैदानावर बोट वर करणारा पंच, आणि पोलिसांच्या पंचनाम्यावर सही करून पुढची काही वर्षे कोर्टाच्या तारखा मोजणारा तो बिचारा साक्षीदारही पंचच.

लवाद हा शब्द मात्र चकवतो. वादाचा निकाल लावणारा म्हणून त्यात ‘वाद’ असणारच, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात तो पोर्तुगीज आहे. लोवादो म्हणजे दोन्ही बाजूंनी मानलेला पारखी किंवा निर्णय देणारा. गोव्यात जन्मलेले कोशकार मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला; या मुलखाने उचललेले असे शब्द त्यात हारीने मांडलेले आहेत. पाव आणि बटाटा सगळ्यांना ठाऊक असतात, पण पगार, लिलाव, तुरुंग हेही त्याच गलबतातून उतरले. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतली. तिथला किल्ला गेला, कचेरीतले शब्द मात्र राहिले. गुजरातीतही लवाद आहे.

खरी गंमत पुढे आहे. लोवादो हे ‘लोवार’ या क्रियापदाचे रूप, आणि त्याचा अर्थ स्तुती करणे, वाखाणणे. म्हणजे लवाद तो, ज्याला दोन्ही भांडणाऱ्यांनी आधी वाखाणले. त्याचा अधिकार राजाकडून येत नाही, शास्त्रातूनही येत नाही. ‘याचे आम्ही ऐकू’ या दोघांच्या कबुलीतून येतो. निकाल ज्याच्या विरुद्ध जातो त्याला आपले ते वाखाणणे नंतर किती आठवते, हा प्रश्न वेगळा.

ही कबुली किती ताणली जाते, याचा एक नमुना अहमदाबादचा. १९१८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडून बसले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूने गांधीजींबरोबर उभ्या अनसूयाबेन, अंबालालांची सख्खी बहीण. कारखान्यातले भांडण आणि घरातले भांडण एकाच ताटात. गांधीजींच्या उपोषणानंतर वाद लवादाकडे द्यायचे ठरले, आणि लवाद म्हणून नेमले गेले ते आनंदशंकर ध्रुव, पेशाने संस्कृतचे प्राध्यापक. तोवर काय द्यायचे? पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांचा शब्द राहिला. दुसऱ्या दिवशी २०, म्हणजे मालकांचा. तिसऱ्यापासून निर्णयापर्यंत साडेसत्तावीस. हिशेब म्हणून हे हास्यास्पद आहे, तोंड राखण्याची कला म्हणून अप्रतिम. ध्रुवांनी पुढे ३५ टक्केच दिले.

पेशवाईत ही कबुली कागदावर घेत. पंचायत बसण्याआधी दोन्ही पक्ष लिहून देत, की पंच ठरवतील ते आम्हांला मान्य. या कागदाचे नाव राजीनामा. अरबी राजी, फारसी नामा. राजी असल्याचे पत्र. हिंदीभाषक मुलखातल्या न्यायालयांत अजूनही राजीनामा म्हणजे तडजोडीचा लेख. आपण मराठी माणसे मात्र राजीनामा देतो तो खुर्ची सोडताना, आणि बहुतेक वेळा राजी नसताना. तिकडच्या वकिलाने इकडच्या अशिलाला ‘राजीनामा देऊन टाका’ असा सल्ला दिला, तर अशील विचारेल, ‘कुठल्या नोकरीचा?’

निकाल लागला की हरलेल्याकडून येजितखत घेत, म्हणजे हार कबूल केल्याचे पत्र. जिंकणारा सरकारात हरकी भरी, जिंकल्याच्या आनंदापोटी. हरणारा भरी ती गुन्हेगारी. म्हणजे आज वर्तमानपत्राचे एक पान भरून उरणारा शब्द तेव्हा वतनाचा दावा हरलेल्या पाटलाच्या दंडाचे नाव होता. ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनच्या १८१९च्या अहवालात या पंचायतींचे वर्णन आहे. त्यांतली दिरंगाई त्याला दिसली, तरी लोकांचा पंचायतीवरचा विश्वासही त्याने नोंदवला.

मराठीतला निर्णय न देणारा तिसरा माणूस शोधायचा तर शिष्टाईकडे जावे लागते. कृष्णशिष्टाई शाळकरी मुलांनाही माहीत असते : पांडवांसाठी निदान पाच गावे मागायला श्रीकृष्ण हस्तिनापुरात गेला आणि हात हलवत परतला. फसलेल्या प्रयत्नाचे नाव भाषेने इतक्या मानाने जपावे, हे मला आवडते. रदबदली शिष्टाईहून नम्र. हिंदीत रद्दोबदल म्हणजे फेरफार, मराठीत ‘साहेबांकडे जरा रदबदली करा’ म्हणजे आमच्या वतीने शब्द टाका. दिलजमाई मुळात ‘मन ठिकाणावर असणे’, खातरजमेची सख्खी बहीण. आणि संप मिटला की मथळ्यात येणारा तोडगा हा पूर्वी दृष्ट काढणाऱ्या आजीचा उपाय होता. काही वाटाघाटींचे निकाल पाहता त्याने धंदा बदललेला नाही.

सरकारलाही या शब्दांचा मोह पडतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या आल्या, बक्षिसे आली. २०२३ मध्ये आली सलोखा योजना. एकाच्या नावची जमीन दुसरा कसतोय आणि दुसऱ्याच्या नावची पहिला, असे किमान १२ वर्षे चालले असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी शुल्क १००० रुपये. बांधावरच्या भांडणाला सलोख्याचे आवाहन पुष्कळांनी केले होते. सलोख्याचा खर्च कमी करावा, हे त्यांतल्या थोड्यांनाच सुचले.

घरात यांतला एकही शब्द चालत नाही. घरात समजूत काढतात. मामा, थोरली जाऊ, शेजारचे निवृत्त गुरुजी येऊन बसतात, चहा होतो आणि समजूत काढली जाते. नव्या कायद्याचा मध्यस्थ निदान दोघांशीही बोलायला बांधलेला आहे. समजूत काढणाऱ्यावर तसे बंधन नाही. रुसलेल्या पोराची काढतात, वाटणीत कमी मिळालेल्या धाकट्याची काढतात, बहिणीची तर हक्कसोडपत्रावर सही होईपर्यंत काढतात. कर्त्या पुरुषाची समजूत काढल्याचे सहसा ऐकू येत नाही. त्याची मनधरणी करतात. ‘समजूत काढून नांदायला पाठवली’ या मराठी वाक्यात कोणी पाठवली ते नाही, कोणाला ते नाही, तिला काय हवे होते तेही नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला ते कुठे अपुरे वाटत नाही.