सोपाऱ्याचे बंदर कोठे गेले?

नालासोपारा स्थानकात रोज उतरणाऱ्या प्रवाशांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हे नाव एका प्राचीन बंदराचे आहे? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत ते ‘सुप्पारा’ म्हणून येते. आपल्या ग्रंथांत ते शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी त्यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणवले जाणारे टेकाड खणले, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या पोटात यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे.

आज त्या टेकाडावरून गलबत लागेल असे पाणी कोठेच दिसत नाही. याचे उत्तर राजवंशांच्या यादीपेक्षा पालघर जिल्ह्यातील नद्यांकडे अधिक आहे.

वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, गोदावरीही तेथलीच. पण गोदावरीला पूर्वसमुद्र गाठायला सुमारे १,४६५ किलोमीटर मिळतात, तर वैतरणेला सह्याद्रीची सारी उंची जेमतेम दीडशे किलोमीटरांत उतरावी लागते. म्हणून तिची धार तीव्र. वाटेत पिंजाळ, तानसा आणि सूर्या मिळतात. पालघर, बोईसर-तारापूर ज्या सूर्येचे पाणी पितात, तीच ही. काळा पाषाण कठीण खरा. पण उन्हापावसाने तो कुजतो, भुसभुशीत होतो आणि पावसाळ्याचे चार महिने पाण्याबरोबर खाली येतो.

सपाटीवर पाण्याचा वेग मोडतो. धोंडे डोंगरपायथ्याशीच थांबतात, रेती पात्रात राहते, बारीक गाळ मात्र खाडीपर्यंत पोहोचतो. तेथे खाऱ्या पाण्यात त्याचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. तिवरांची मुळे त्यांना धरून ठेवतात.

सोपारे भर समुद्रावर कधीच नव्हते, हे ध्यानात घ्यावे. उत्तरेची वैतरणा आणि दक्षिणेची वसई खाडी यांना जोडणाऱ्या आतल्या खाडीवर ते वसले होते. वादळापासून सुरक्षित अशी ही जागा. पण भरतीचे पाणी दोन्ही तोंडांनी आत शिरून जेथे भेटते, तेथे प्रवाह मंदावतो आणि गाळ हमखास साचतो. ज्या आडोशाने बंदर मोठे केले, त्यानेच ते बुजवले. पुढे पोर्तुगीजांनी आपला कोट आत सोपाऱ्यास न बांधता वसईला, खाडीच्या मुखाशी बांधला.

परशुरामाने समुद्र हटवून कोकण मिळवले, अशी कथा आहे, आणि शूर्पारकाचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. कथाकारांनी किनारा नीट पाहिला असावा, असे मला वाटते.

आता हा हिशेब बदलला आहे. तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा या धरणांनी मुंबईला पाणी दिले. सूर्येवर धामणी धरण झाले. पाण्याबरोबरचा गाळ मात्र भिंतीमागेच अडतो. खाली खाडीतून रेती उपसली जातेच. रेल्वे पुलांच्या पायांना त्याचा धोका पोहोचल्याने तेथे उपशास बंदी घालावी लागली.

बुजलेल्या खाडीवर, मिठागरांवर आणि तिवरांच्या दलदलीवर आज वस्ती उभी आहे. जमीन भरली, पण पाण्याची सखल वाट तशीच राहिली. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपारा स्थानकातले रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या थांबल्या. वसईच्या मिठागरांत माणसे अडकून पडली.