सबसर्फेस (सॉफ्टवेअर)

सबसर्फेस हे स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना आपल्या बुड्यांची नोंद ठेवण्यासाठी व पुढील बुड्यांचे नियोजन करण्यासाठी उपयुक्त असे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. लिनक्सचे निर्माते लिनस तोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये स्वतःच्या छंदाच्या गरजेतून ते लिहिण्यास प्रारंभ केला. ते लिनक्स, विंडोज व मॅकओएस या प्रणालींवर चालते; अँड्रॉइड व आयओएस यांसाठी त्याची मोबाइल आवृत्तीही उपलब्ध आहे.

पार्श्वभूमी

तोरवाल्ड्स यांचा जन्म २८ डिसेंबर १९६९ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी येथे झाला. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना १९९१ मध्ये त्यांनी लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, लेखन सुरू केले. त्या वेळी या कामाचा उल्लेख त्यांनी निव्वळ छंद असाच केला होता. पुढे तोच त्यांचा व्यवसाय झाला. २००५ मध्ये त्यांनी कर्नलच्या विकासकार्यासाठी गिट ही आवृत्ती-नियंत्रण प्रणालीही लिहिली. स्कूबा डायव्हिंग हा त्यांचा संगणकाबाहेरचा आवडता छंद होय.

निर्मिती

पाणबुडा मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर नावाचे उपकरण बांधतो. हे उपकरण ठरावीक अंतराने खोली, वेळ व पाण्याचे तापमान नोंदवते. मात्र उपकरणागणिक माहिती साठवण्याची पद्धत निराळी असते, आणि लिनक्सवर ती माहिती समाधानकारकपणे वाचून मांडणारे साधन तोरवाल्ड्स यांना मिळेना. २०११ मध्ये कर्नलच्या विकासाचे मुख्य संकेतस्थळ घुसखोरीमुळे काही आठवडे बंद राहिले. या सक्तीच्या उसंतीत सबसर्फेसचे लेखन सुरू झाले. निरनिराळ्या उपकरणांशी संवाद साधण्याचे काम जेफ ड्रीसेन यांच्या लिबडाइव्हकॉम्प्युटर या मुक्त-स्रोत संग्रहावर सोपवण्यात आले.

कार्य

समुद्रात दर १० मीटर खोलीस दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. साहजिकच टाकीतील हवाही सुमारे चौपट वेगाने संपते. वाढत्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन शरीरात विरघळतो. पाणबुडा घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत, क्वचित प्राणघातकही, परिणाम संभवतात. सबसर्फेस प्रत्येक बुडीचा आलेख काढते, हवेच्या वापराचा दर मोजते आणि चढण्याचा वेग रंगभेदाने दाखवते. त्यामुळे पाणबुड्याला आपली चूक घरी बसून तपासता येते. ब्यूलमान यांच्या प्रारूपाच्या आधारे वर येताना कोठे व किती वेळ थांबावे याचा आराखडाही त्यात तयार करता येतो. ही सोय प्रशिक्षित पाणबुड्यांसाठीच आहे.

हस्तांतर व विकास

गिटची देखभाल तोरवाल्ड्स यांनी काही महिन्यांतच जुनियो हामानो यांच्याकडे सोपवली होती. सबसर्फेसबाबतही तसेच घडले. २०१२ मध्ये मुख्य देखभालकर्त्याची जबाबदारी त्यांचे सहकारी व स्वतः पाणबुडे असलेले डिर्क होंडेल यांच्याकडे गेली. प्रारंभी जीटीकेवर आधारलेले हे सॉफ्टवेअर पुढे क्यूटी या संचावर नव्याने उभारण्यात आले. नोंदी इंटरनेटवर साठवण्याच्या सोयीसाठी त्यात गिटचाच वापर केला जातो. व्यवसायासाठी घडवलेले साधन अशा रीतीने छंदाच्या कामी आले.

महत्त्व

सबसर्फेस जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली वितरित होते. त्यामुळे त्याची संहिता कोणालाही वाचता, सुधारता व वाटता येते. उपकरण बदलले किंवा निर्मात्याने जुन्या उपकरणाचा पाठपुरावा थांबवला, तरी पाणबुड्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहतात. एका व्यक्तीच्या गरजेतून निघालेले हे सॉफ्टवेअर पुढे अनेक स्वयंसेवकांच्या परिश्रमांतून वाढले असून त्यांनी त्याचे विविध भाषांत भाषांतरही केले आहे.